धुतलेली अंडी

९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. आत्ताच फ्रिज आतून पुसून झाला.

प्रिय चिमणे,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. येत्या रविवारी परीक्षेला येते आहेस, दुपारी तासभर माझ्या खोलीवर डोकावशील, हे वाचून दोनदा झाडू मारला. एकट्या माणसाची खोली, कचरा तरी किती निघणार!

लॉन्ड्रीतले मला ‘अंड्यांचा डॉक्टर’ म्हणून चिडवतात. चिडवू देत. अंडी आणली की मी एकेक उजेडात धरून तडा बघतो, पेन्सिलीने तारीख घालतो आणि निमुळतं टोक खाली करून आतल्या कप्प्यात ठेवतो. फ्रिजच्या दारात कधीच नाही. उघडझाप झाली की ती गार-गरम होतात. आणि धूत तर अजिबात नाही.

ते मी एकदाच केलं. आई गेल्यावर घरात आपण दोघंच. मी लॉन्ड्रीत नवा, मळकं काही दिसलं की हात शिवशिवायचे. डझनभर अंडी घासून लख्ख केली, ओलीच टोपलीत रचली आणि आठवडाभर ओट्यावर ठेवली. तुला बलक वाहता लागायचा, म्हणून त्यातलं एक तुझ्यासाठी दोनच मिनिटं उकडलं. किती चमकतंय रे दादा, म्हणाली होतीस. मग पाच दिवस हॉस्पिटल. कवचावर पातळ थर असतो, तो धुतला की घाण आत शिरते, हे मला तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं. मावशी एवढंच म्हणाली, की पोर सांभाळणं तुझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि तिने तुझी बॅग भरली. आठ वर्षं झाली. तू कधी काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

खरं तर तुझ्या शेवटच्या ओळीसाठी हे पत्र लिहितोय. ‘जेवूनच येईन, तू काही करू नकोस.’ माझी धावपळ नको म्हणून लिहिलंस, की दुसऱ्या कशासाठी, ते कळत नाही. शनिवारपासून तेच डोक्यात घोळतंय. उपाशी ये गं. हवं तर तू स्वतः उकड, मी दाराबाहेर उभा राहतो.

रविवारी आणलेली अंडी सहा. तडा गेलेलं एक टाकलं. मी खाऊन पाहिली तीन, रोज एक. अजून काही झालेलं नाही. उरली दोन. दोन्ही तुझी.

तुझाच,
दादा