आफ्रिका : पद्माकरची आणि माझी

१२ मे १९९०, शनिवार. स्टॅनमोर.
पिनरच्या हॉलमध्ये विलायतेतल्या आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम. पद्माकरचा स्लाइड शो, 'आफ्रिका : माध्यमं, समाज, राजकारण'. केनिया, टांझानिया, झांबिया. नंतर बटाटेवडे होते म्हणून हॉल भरला, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पद्माकर डोळ्यांचा डॉक्टर. त्याला राजकारणातलं काय दिसणार? नैरोबीच्या कुणा संपादकाबरोबर चहा पितानाचा फोटो त्याने दोनदा दाखवला. अलका दोन्ही वेळा 'वा' म्हणाली. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. मला अजून एकदाही 'वा' मिळालेलं नाही.
मत्सर अजिबात वाटला नाही. नोंद म्हणून लिहितोय.

१४ मे
पद्माकरचा लेख मंडळाच्या अंकातून कापून अलकाने फ्रीजवर लावलाय. दूध काढायला गेलं की वाचावा लागतो. कॉर्नफ्लेक्स कोरडेच खाल्ले.

२० मे
संकल्प : सप्टेंबरात आफ्रिकेला जायचं, खोलात शिरायचं, दिवाळीच्या कार्यक्रमात मुख्य वक्ता व्हायचं. अलका पहिल्या रांगेत बसेल. मंडळाच्या सेक्रेटरी वैजयंतीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पद्माकरांच्या भाग दोनचाही विचार चालू आहे, ज्याच्याकडे ताजं मटेरियल असेल तो बोलेल. म्हणजे मीच.
अलकाला लायब्ररीतून सुट्टी नाही. बरंच झालं. अभ्यासाला एकांत लागतो.

२ सप्टेंबर, नैरोबी
मावसबहीण शैला आणि तिचा नवरा हरीश यांच्याकडे उतरलो. पद्माकरला यांचा पत्ता मीच दिला होता. घोडचूक. दार उघडताच शैलाने विचारलं, पद्माकरराव नाही आले? मग माझी बॅग आत नेली आणि म्हणाली, ही पद्माकररावांची खोली.

३ सप्टेंबर
पद्धत ठरवली. रोज दोन पेपर विकत घ्यायचे, समासात पेन्सिलीने टिपणं करायची. इंग्लिशमध्ये, म्हणजे विचार नेमका होतो. पहिल्या पानावर राष्ट्राध्यक्ष काहीतरी उद्घाटन करतायत. तिसऱ्या पानावर एक जाडे मंत्री, नाव कुठे दिसेना. लिहिलं : 'हू इज ही?'

४ सप्टेंबर
पेपरवाल्याने फसवलं. तेच राष्ट्राध्यक्ष, तसंच उद्घाटन, तीच टोपी. समासात रागाने लिहिलं : 'इज धिस यस्टरडेज पेपर?' मग तारीख पाहिली. आजची होती. तरी संशय आहेच.

५ सप्टेंबर
सामान्य माणसाची मुलाखत. हरीशचा ड्रायव्हर मुतिसो. सरकारबद्दल मत विचारलं. तो म्हणाला, यंदा पाऊस बरा आहे. पुन्हा विचारलं. त्याने रेडिओ मोठा केला. पोलिसांची चौकी मागे पडल्यावर तो बारीक केला आणि मलाच विचारलं, तुमच्याकडे विलायतेत त्या माणशी पोल टॅक्सवरून रस्त्यात मारामाऱ्या झाल्या म्हणे, तुम्ही कुणाच्या बाजूने? मी म्हणालो, यंदा उन्हाळा छान होता.
इथे राजकीय जाणीव कमी.

७ सप्टेंबर
पद्माकरच्या संपादकाला गाठलं. सबंध सकाळ बाकावर बसवलं. शेवटी बाहेर आला, पद्माकरची चौकशी केली. तो हल्ली फारसा घराबाहेर पडत नाही, असं सांगितलं. संपादकाला फार वाईट वाटलं. चहा दिला नाही.

९ सप्टेंबर
सफारीला गेलो. पलीकडे किलिमांजारो, म्हणजे टांझानिया. ढगांमुळे दिसला नाही, पण दिशा कळली. देश दोन झाले.

१० सप्टेंबर
भयंकर! कोपऱ्यात रचून ठेवलेले माझे सगळे पेपर नाहीसे. पैसे, घड्याळ, पासपोर्ट जागच्या जागी. फक्त टिपणं केलेले पेपर गेले. हे चोराचं काम नव्हे, वरचा हात आहे. शैलाला बोललो नाही. तिला कशाला धोक्यात घाला? अलकालाही फोनवर काही सांगितलं नाही, लाइन ऐकत असतील.
व्याख्यानाचं नाव बदललं : 'जप्त झालेला आवाज'. पद्माकरचं आजवर कुणी काही जप्त केलेलं नाही.

११ सप्टेंबर
निघालो. शैलाने पद्माकरसाठी लाकडी जिराफ दिला, सात-आठ थर कागदात गुंडाळून, सुतळीने करकचून बांधून. जिराफ मोडला तर पद्माकररावांना काय वाटेल, असं तीनदा म्हणाली. वजन जास्त झालं म्हणून माझे बूट काढून ठेवावे लागले.

१६ सप्टेंबर, स्टॅनमोर
पिनरला जाऊन जिराफ टाकून आलो. पद्माकर दारातच हावरटासारखा सुतळी कापायला लागला. आत ये म्हणाला. थांबलो नाही.

१ ऑक्टोबर
वैजयंतीबाईंना 'जप्त झालेला आवाज'बद्दल सांगितलं. त्यांनी पुरावा विचारला. म्हटलं, पुरावा नाही हाच पुरावा. त्या म्हणाल्या, पद्माकरांकडे नुकतेच ओरिजिनल पेपर आलेत, तेव्हा तेच बोलतील. तुम्ही आभार माना ना, तुमचा आवाज चांगला आहे.
मान्य केलं. आभार शेवटी असतात, शेवटचं बोलणं लोकांच्या लक्षात राहतं.

२० ऑक्टोबर, शनिवार. रात्री.
दिवाळीच्या कार्यक्रमात पद्माकरने इस्त्री केलेले पेपर स्टेजवरून उंच धरून दाखवले. म्हणाला, जिराफाभोवतीच्या रद्दीत मला खरी आफ्रिका सापडली. तिथल्या कुणा अज्ञात वाचकाने, हुकूमशाहीच्या नाकावर टिच्चून, समासात प्रश्न विचारलेत. अक्षर लागत नाही, कारण भीतीने हात थरथरत असणार. मग त्याने सावकाश वाचलं : 'इज धिस यस्टरडेज पेपर?' हॉल हसला, मग एकदम गप्प झाला, मग टाळ्या थांबेनात. 'हू इज ही?'ला तर लोक उभे राहिले. अलका उभी होती. ती 'वा' म्हणाली. मी मोजलं नाही, पण बऱ्याच वेळा म्हणाली.
मी आभार मानायला उठलो. वैजयंतीबाईंनी चिठ्ठी सरकवली : त्या अज्ञात वाचकाचेही माना. मानले.
परत येताना गाडीत अलकाने कार्यक्रमपत्रिका नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, त्या माणसाला भेटायला आवडलं असतं मला. मोजकंच बोलतो, पण काय धाडस. असा माणूस घरात कसा असेल हो?
खरं सांगतो, मला त्याचा इतका राग आला की वळणच चुकलं. गाडी कडेला घेतली. म्हटलं, अलका, तो वाचक मी आहे. ते अक्षर माझं आहे.
तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातावर हात ठेवला, अगदी मायेने. म्हणाली, अहो, पद्माकरभावजींवर जळता ते मी समजून घेते. पण आता त्या बिचाऱ्यावरसुद्धा?