चौघांची सोय

६ मार्च

ती. जाऊबाई,

धाकटीचा वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, गुडघे होते तसेच आहेत, तुमच्या कमरेचं कळवा. निघताना तुम्ही "पोचल्या पोचल्या पत्र टाक" म्हणाला होतात आणि मी टाकतेय दीड महिन्याने. फोनवरचं बोलणं काही खरं नव्हे. तुमच्यामागे तुमची नवी सून उभी, माझ्यामागे माझी, मग आपण दोघी हवापाण्याचंच बोलतो. पत्रात कसं, मोकळं.

मोठी बातमी म्हणजे आम्ही घर बघतोय. सध्याची जागा तशी अडचणीचीच. एक झोपायची खोली आणि एक बाहेरची, तिच्याच कोपऱ्यात ओटा. बाहेरचा कोच रात्री उघडला की माझा पलंग होतो आणि सकाळी मिटला की मी कुठे बसायचं, हा प्रश्न. त्यात आपल्या चिमणीचं शाळेचं दप्तर, रंग, बाहुल्या. नात आहे म्हणून गोड, नाहीतर रोज पाय मुरगळला असता. तेव्हा मोठी जागा हवीच होती. चिरंजीवांनी स्वतःहून विषय काढला. म्हणाला, "आई, घर बघायला जाऊ. तुला पसंत पडलं पाहिजे." ऐकलंत? तुला! आपल्या घरी माझ्याच खोलीला खिडकी पाडली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि घर बघायला जाणं म्हणजे इथे मुलगी बघण्याचाच कार्यक्रम असतो, फक्त मुलीच्या जागी आपण. घरं दाखवणारा जो माणूस आहे त्याला मी गळपट्टेवाला म्हणते, कारण ऊन असो की वारा, त्याच्या गळ्याला पट्टा असतोच. तो घर दाखवतो कमी आणि मला न्याहाळतो जास्त. सूनबाईमार्फत प्रश्न विचारतो. वय किती, जिने चढवतात का, रेडिओ मोठ्याने लावता का, मांजर पाळणार का. मी सूनबाईला म्हटलं, आता चालून दाखवा, गाऊन दाखवा म्हणतोय का बघ. ती हसली, पण अर्धवटच. सगळे प्रश्न मलाच, बरं का. चिरंजीवांना एकही नाही. परदेशात म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही म्हणत होतात ना? घ्या!

घरं मात्र अशी की मी सर्दच झाले. पहिल्या घरात आंघोळीची जागा स्वयंपाकघरात, शेगडीला लागून. वर फळी टाकली की तेच जेवायचं टेबल. म्हणजे मी आंघोळ करायची आणि सूनबाईने शेजारी कांदा चिरायचा? दुसऱ्या घरात कपाट म्हणून दार उघडलं तर आतून अख्खा पलंग अंगावर आला. मी किंचाळले, गळपट्टेवाल्याने माझी माफी मागितली, पलंगाने नाही. तिसऱ्याला खिडकीच नाही, आणि भाडं ऐकून माझे डोळे पांढरे झाले.

सगळ्या जागा एकाच खोलीच्या. मी प्रत्येक ठिकाणी चिरंजीवांना हळूच बाजूला घेऊन विचारते, "अरे, चौघं कशी मावणार?" तो म्हणतो, "बघू गं, आई." तेव्हा मीच आता मनातल्या मनात मापं घेते. इथे पडदा, तिथे पडदा, चिमणी माझ्याजवळ. आपण नऊ जण तीन खोल्यांत राहिलो, कुणी मेलं नाही.

घर लागलं की तुम्ही हवापालटाला या. तुमच्या नव्या जोडप्याला माझ्या खोल्या आवडल्या का? कपाटाचा खालचा कप्पा दमट आहे, त्यात कपडे ठेवू नका म्हणावं. बाकी भिंतींना खुशाल खिळे ठोका. मी काही आता परत येत नाही.

तुमची,
धाकटी


१९ मार्च

ती. जाऊबाई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. कमरेला शेक देताय हे बरं.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तुमच्याकडून एक कागद हवाय म्हणून लिहावंच लागतंय, नाहीतर यातलं अक्षर तुम्हाला कळू दिलं नसतं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

घर ठरलं. आधी घराचंच सांगते. जागा चांगली आहे. पहिला मजला, जिना रुंद, धरायला कठडा. एक मोठी खोली, तिलाच ओटा, पलीकडे न्हाणीघर, दार लागतं असं. खिडकीतून समोर चप्पल-बूट शिवणाऱ्याचं दुकान दिसतं. तो दिवसभर मान खाली घालून काम करतो आणि मधूनच वर बघून शिंकतो. ओटा माझ्या बेताचा आहे, टाचा उंचवायला नकोत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी नाक मुरडलं नाही.

उलट मी हुरूपाने खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांना जागा वाटून दिल्या. म्हटलं, इथून तिथपर्यंत जाड पडदा, तुम्ही दोघं खिडकीकडे, मी आणि चिमणी ओट्याकडे, दप्तर दारामागे. गळपट्टेवाल्यालाही कळावं म्हणून हातवारे करून दाखवलं, झोपायची खूण केली, चार बोटं दाखवली. तो बिचारा कौतुकाने बघत होता. मग त्याने सूनबाईला काहीतरी विचारलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. ती बोलेना. त्याला वाटलं आपलंच सांगणं कुठेतरी चुकलं. म्हणून तो माझ्यासमोर आला आणि त्याने हसून एक बोट वर केलं. एक. मग तेच बोट माझ्याकडे केलं.

जाऊबाई, मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे कुणी उभं आहे का ते.

मागे कुणी नव्हतं. चिमणी खिडकीशी काचेवर नाक दाबून उभी होती आणि चिरंजीव ओट्यावर वाकून नळ उघडबंद करत होते. ठिबकतो का बघत होते म्हणे. सूनबाई म्हणाली, "तू आईंना सांगितलं नाहीस?" तो नळच बघतोय. "अरे, सांगितलंय म्हणालास ना? आई तयार आहेत म्हणालास!" तर तो म्हणतो, "सांगणार होतो."

माझे कान असे भरून आले की पुढचं काही ऐकूच येईना. नुसती तिघांची तोंडं हलताना दिसत होती. रिकाम्या घरात खुर्ची तरी कुठली, मी खिडकीच्या कठड्यावर टेकले. चिमणीने माझा हात धरला आणि विचारलं, "आजी, तुला हे घर आवडलं ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या अगोदरच्या घरांत मला जे जे विचारलं, ते सगळं तेव्हा माझ्या डोक्यात एकेक करून उलगडत गेलं. जिने चढवतात का. मांजर पाळणार का. मी मान समजून बसले होते, वर तुम्हाला टेचात कळवलंही होतं.

घरी आलो. मी कोच उघडला आणि भरदिवसा तोंडावर पांघरूण घेऊन पडले.

आता तुम्ही म्हणाल, सुनेचंच काम. फाडलेल्या पत्रांत मी तेच लिहिलं होतं, चांगलं रंगवून. ऐकणाऱ्यालाही ते लगेच पटतं. पण ती पत्रं तुम्ही चार घरी वाचून दाखवली असतीत आणि त्या पोरीच्या नावाने बोटं मोडली असतीत, आणि ते खरं नव्हतं.

ती संध्याकाळी स्वतः चहा घेऊन आली, माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "आई, मी खोटं बोलत नाही. तुम्ही आल्यापासून मला कधीकधी गुदमरल्यासारखं होतं. पण वेगळ्या घराचं मी काढलेलं नाही. मी तर मोठा कोच घेऊ म्हणत होते. हे त्याचं आहे, त्यालाच विचारा." मला राग येईना तिचा. तोंडावर खरं बोलणारी सून मिळाली, हे माझं नशीबच म्हणायचं.

त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं. सुट्टी होती. तो कामावरचा पांढरा कोट इस्त्री करत होता. इस्पितळात एक्स-रे काढतो, तुम्हाला माहीत आहेच, पाळी कधी दुपारची, कधी उशिराची. मी म्हटलं, "माझं काय चुकलं ते सांग." त्याने वर बघितलं नाही. कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिला.

"आई, मी कामावरून येतो तेव्हा तू जागी असतेस."

"मग? तुझं ताट कोण गरम करणार?"

"तेच. तू जेवलेली नसतेस. दार उघडलं की समोर तू. लहानपणापासून तेच. शाळेतून यायचो तेव्हा तू उंबऱ्यात, मित्राकडून यायचो तेव्हा उंबऱ्यात. मी कुठेही गेलो, हसत असलो, खेळत असलो, तरी मला दिसायचं की तू तिथे बसली आहेस, जेवली नाहीस. इथे आलो ना, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझी कुणी वाट बघत नव्हतं. मला खूप बरं वाटलं गं."

कॉलर जळल्याचा वास आला तेव्हा त्याने इस्त्री उचलली. तो रडत होता. म्हणाला, "तू जवळ हवीस. म्हणूनच दोन गल्ल्यांच्या आत घर शोधलं. मी रोज येईन. पण दार उघडल्यावर समोर नको."

जाऊबाई, सुनेने हाकललं असतं ना, तर मी भांडले असते, छाती पिटली असती, त्याचं मला सगळं येतं. याला काय उत्तर देऊ? मी त्याला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कुणापुढे हात पसरायला लावला नाही. वाट बघितली, एवढंच केलं. त्याचाच त्याला जाच झाला, हे मला साठी उलटल्यावर कळतंय. अजून माझ्या मनाला ते खरं वाटत नाही. चहा करता करता मी थांबते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून आठवते, कुठे काही वेगळं ऐकलं का म्हणून.

त्याचे वडील सकाळी सायकल घेऊन कामावर गेले आणि संध्याकाळी माणसंच आली सांगायला. त्या दिवसानंतर मी उंबऱ्यात बसायला लागले. पहिली दोन वर्षं तुम्हीही माझ्याशेजारी बसायचात. काही बोलायचा नाहीत, शेंगा सोलत बसायचात. तो तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला हे कसं सांगू, की तो घरात पाऊल टाकेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही? आणि सांगितलं तर तो माझ्या जाचाला वडिलांचंही ओझं जोडेल. नाही सांगितलं.

मी हो म्हटलं. पोराने इतक्या वर्षांत तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. मागितली ती माझ्यापासून सुटका. दिली.

आता कागदाचं. त्या घराच्या मालकिणीला मागच्या घरमालकाचं पत्र लागतं. भाडेकरू कसा राहतो, जागा स्वच्छ ठेवतो का, शेजाऱ्यांशी जमवून घेतो का, अशी चालचलनाची चिठ्ठी. मुलाची चालत नाही म्हणाला गळपट्टेवाला. माझं मागचं घर म्हणजे तुमचंच, मोठे भावोजी गेल्यावर तुमच्याच नावावर झालेलं. तेव्हा ती चिठ्ठी तुम्ही द्यायची. आपल्याच भाषेत लिहा, सूनबाई भाषांतर करणार आहे, म्हणून जरा जपून. पाण्याच्या वेळेवरून आपण जे भांडलो ते लिहू नका. सहा महिने अबोला धरला होता तेही नको. खरं खरं लिहिलंत तर मला इथे काय, जगात कुठे घर मिळायचं नाही. "स्वच्छ राहते, आवाज करत नाही, एकटी राहू शकते" एवढं पुरे. शेवटचं तुम्हाला लिहायला जड जाईल. तरी लिहा. त्यांना तेच हवंय.

कुणी विचारलं तर मुलाजवळ राहते म्हणून सांगा. दोन गल्ल्या म्हणजे जवळच की.

आणि एक. ती चिठ्ठी एका कागदावर लिहा आणि पाकिटात दुसरा एक कागद घाला, फक्त माझ्यासाठी. त्यावर बाकी काही नको. नुसतं लिहा, "तू परत ये." तुमच्या लेकाचा संसार मांडलाय तिथे, जागा नाही, मला माहीत आहे. मी येणारही नाही. पण तुम्ही लिहा.

तुमचीच,
धाकटी