काजळीवरचा पंजा

३ फेब्रुवारी २०२५, सालेकसा
आलो एकदाचा! कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून हसणाऱ्यांनी आता या हसायला. जंगलाच्या कडेला दुर्गाप्रसाद सरांची प्रयोगशाळा, मी मदतनीस, राहायला खोली. जाड पोलादी पिंपात वायूला वीज देऊन पेटता प्लाझ्मा करायचा अन् पातळ पत्र्यावर सोडायचा. पत्र्याची पाठ पिंपाबाहेर, काजळी फासलेली. तिच्यावर इन्फ्रारेड कॅमेरा रोखलेला. पत्रा किती झपाट्याने तापतो, त्यावरून प्लाझ्मातून किती ऊर्जा आली ते काढायचं. पडद्यावर गरम ते लाल, थंड ते निळं. सर म्हणाले, बेटा, काजळी पुसली तर तिथे निळं दिसेल, पण वो धोखा है. पत्रा तिथेही तेवढाच तापलेला असतो. हाथ मत लगाना.

स्वैपाकाच्या मंगलीमावशींनी विचारलं, लगन काऊन नाही केला रे? कॉलेजातली रुची आठवली, मला नाही म्हणून गेलेली. ताट सरकवून उठलो.

९ फेब्रुवारी
कचारगडची जत्रा. मावशी तिकडे, सर गोंदियाला. ते परत येईपर्यंत मशीन बंद ठेवायची, म्हणाले. मावशी म्हणे, एकटा भिंतीसंग बोलत नोको बसू, भिंत कंटाळंल! दुपारची गाडी गेली की मग काहीच ऐकू येत नाही. रुचीने फोन उचलला नाही. मोबाइल आपटला. काच तडकली.

१० फेब्रुवारी
काजळीवर पंजा उमटलाय. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याच खिशात. लहान हात, करंगळी वाकडी. रुचीची तशीच आहे! राहवलं नाही, मशीन लावली. पडदाभर लाल, मधोमध निळा पंजा.

११ फेब्रुवारी
नवी काजळी फासली होती. पुन्हा पंजा. बोटं फाकलेली, हात मागितल्यासारखी.

१२ फेब्रुवारी
रुची बोलली. म्हणाली, मी बालाघाटात मजेत आहे, माझे दोन्ही हात माझ्याजवळच आहेत, डोकं तपासून घे, पुन्हा फोन करशील तर बघ.
मग हा कोणाचा?
बॅग भरली. निघायला हवं. पण इतक्या दिवसांत माझ्याकडे कोणी हात तरी केला —

१३ फेब्रुवारी
बॅग दारातच. मशीन चालू आहे. मी लावली नाही.
पंजा निळा. थंडगार निळा. सर म्हणाले होते — माहीत आहे मला. माहीत आहे. पण बोटं हलून राहिली —

अक्षर वाकडं येतं. डाव्या हाताने लिहितो. उजवा पत्र्यावर, तिच्या हातात. दुखत नाही. जळल्याचा वास — माझाच असंल. सोडत नाही ती. मीही नाही —
शेजारी दुसरा पंजा उमटतो आहे. आता डावाही माग