नोटीस न देता काढलेला हुकूम

मोहाडी,
दिवाळीला नऊ दिवस बाकी

आदरणीय यादोराव भाऊ यांस, मोहाडीहून धनीरामचा रामराम.

इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली मला सहा वर्षांपूर्वीपर्यंतची माहीत आहे, पुढची कळवावी. तुमचा उजवा गुडघा दुखत असे, तो तसाच आहे की डावाही त्याला सामील झाला? धान कापणीला आलं असेल. वहिनींना नमस्कार, तुमच्या रश्मीला आशीर्वाद (तिच्या लग्नातून मी न जेवता निघालो होतो, हे ती विसरली असेल तर आठवण करून देऊ नये). तुम्ही अक्षर ओळखून पाकीट चुलीत टाकलं नाही, असं धरून पुढे लिहितो.

तुम्हाला माहीतच आहे, मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा साहेबांचा रीडर म्हणून. बांधाची भांडणं, पांदण-रस्त्यांची भांडणं, मेलेल्या माणसाच्या सहीची भांडणं. या काळात दोन नियम मी मोडले नाहीत. समोरच्याला नोटीस गेल्याशिवाय हुकमाचा कागद साहेबांपुढे ठेवला नाही. आणि ज्याचं प्रकरण चालू आहे त्याच्याशी खासगीत एक शब्द बोललो नाही, त्याचा चहा प्यायलो नाही. (एकदा एकाची भजी चुकून खाल्ली, पण ओळख पटताच उरलेली परत केली.) दोन महिन्यांपूर्वी निरोपसमारंभात साहेबांनी हे भाषणात सांगितलं तेव्हा तुमची बहीण चंद्रभागा डोळे पुसत होती. मला वाटलं, अभिमानानं. आता तशी खात्री राहिली नाही.

निवृत्तीनंतर मी घरात सगळ्यांची कामं तपासू लागलो. पोळ्या मोजू लागलो, दुधाची वेळ लिहू लागलो. चंद्रभागेनं आठ दिवस सोसलं आणि भंडाऱ्याला नोकरीवर असलेल्या आमच्या गुड्डीला फोन केला. गुड्डी रविवारी आली आणि माझ्या मोबाइलमध्ये एक गेम टाकून गेली. गेम हिंदीत. त्यात आपण एका गावचे नवे मालगुजार, म्हणजे जमीनदार. गावाला मोठा तलाव, पाणी अडवायला मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, अगदी आपल्याकडच्यासारख्या. आणि मदतीला एक मुंशी. अंगात कोट, कानावर लेखणी. आपल्याच खात्याचा माणूस म्हणून मी पहिल्या मिनिटाला त्याच्यावर विश्वास टाकला. दुसरं काही कारण नव्हतं.

हा मुंशी रोज सकाळी हात जोडून यायचा आणि म्हणायचा, "मालिक, मुझे क्या लेना-देना, मगर…" आणि मग पाळीवरच्या झोपडीतल्या एका म्हातारीबद्दल काहीबाही सांगायचा. ती पाणी चोरते. ती पाळ उकरते. मी हुकमावर मुहर उठवायचो. पहिल्या दिवशी तिचा तलावात फिरायचा डोंगा जप्त केला, मग तिची कुदळ, मग वाटेवर कुंपण. प्रत्येक मुहरेला नगारे वाजायचे, फुलं पडायची आणि मुंशी म्हणायचा, "क्या न्याय किया, मालिक!" एकतीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं, भाऊ. साहेबांनाही नव्हतं म्हटलं.

म्हातारीच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून एक बटण चमकत होतं, "बात करें". मी ते दाबलं नाही. प्रकरण चालू असताना पक्षकाराशी बोलायचं नाही, हा नियम. चंद्रभागा तांदूळ निवडता निवडता माझ्या खांद्यावरून बघायची. एकदा म्हणाली, "त्या म्हातारीले इचारलं काय तुमी?" मी तिला सांगितलं की कामकाजात व्यत्यय आणू नये.

बाराव्या दिवशी शेवटची मुहर उठवून म्हातारीला गावाबाहेर काढलं, आणि त्याच संध्याकाळी (गेममधल्या) तलावाची पाळ फुटली. निघालं असं की म्हातारीच रोज पाळीची भोकं मातीनं बुजवायची. पाणी मुंशी विकत होता, शेजारच्या गावाला. नगारे बंद. मोबाइलवर माझ्या बाराही हुकमांची यादी आली, तारीखवार, आणि खाली एक ओळ: "मुंशी ने तो सिर्फ कहा था। मुहर आपकी थी।" मी अपिलाचं बटण शोधलं. नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेमच्या कंपनीला रीतसर अर्ज केला. विषय: वृद्ध महिलेस सुनावणीची संधी मिळणेबाबत. उत्तर इंग्रजीत आलं. आभार मानले होते आणि पाच तारे मागितले होते. मी दोन दिले. तलाव चांगला काढला होता म्हणून. मग गुड्डीला फोन लावला, तर ती हसायला लागली. म्हणे, "बाबा, गेमच तसा हाय, तो मुंशी पहिल्यापासून खोटाच बोलते. त्या बुढीसंग एकडाव बोलले असते तर तिनं सारं सांगतलं असतं." आता खोटं बोलणारी माणसं मला नवीन नाहीत, रोज दहा बघितली. पण ती समोर उभी असायची. हा माझ्या बाजूला उभा होता.

दोन दिवस डोकं एकाच गोष्टीत अडकलं. ते "मुझे क्या लेना-देना" आधी कुठं ऐकलं? तिसऱ्या दिवशी आठवडी बाजारात वांगी घेत होतो, तर मागून बाबुलाल आला (आपला तुमसरचा बाबुलाल, तुमचाही नातेवाईक, माझाही, आणि दोघांचाही लांबचा). कानाशी लागून म्हणतो, "मले काय कराचं हाय, धनीरामजी, पण या बाईचा काटा खोटा हाय." माझ्या हातातली पिशवीच सुटली.

रश्मीच्या लग्नात मांडवात हाच माणूस, याच आवाजात म्हणाला होता, "मले काय कराचं हाय, पण यादोराव म्हणून राहिला, बाबूजीले दुसऱ्या पंगतीत बसवा." बाबूजी म्हणजे मी. घरचा जवाई, आणि दुसऱ्या पंगतीत! मी तुम्हाला विचारलं नाही. बायकोचा हात धरून दीडची एसटी पकडली. नंतर चंद्रभागेनं कितीदा म्हटलं, एकदा दादाशी बोला. मी दर वेळी सांगितलं की प्रकरण विचाराधीन आहे.

भाऊ, मला लाज वाटते. सहा भाऊबीजा तुमची बहीण अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बाईनं करायचं ते ती सख्खा भाऊ तिकडे एकोडी गावात असताना करते, आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो.

सबब, आपणांस या पत्राद्वारे नोटीस देण्यात येते की उपरोक्त पंगतीबाबत आपली बाजू सात दिवसांत मांडावी, अन्यथा एकतर्फी निर्णय घेण्यात येईल. (शेवटचं वाक्य सवयीनं आलं, ते वाचू नये. एकतर्फी एकदा होऊन गेलं आहे.)

आपला,
धनीराम

ता. क. – पाकीट डकवण्याआधी चंद्रभागेनं पत्र वाचलं आणि पदर तोंडात धरून हसत बसली. मी आठवडी बाजारात गेलो की ती तुम्हाला फोन करते, असं आत्ता कळलं. सहा वर्षं. म्हणजे म्हातारीचं, मुंशीचं, दोन ताऱ्यांचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तुमचे दोन्ही गुडघे दुखतात, हे मलाही आता ठाऊक आहे. वरची विचारपूस रद्द समजावी.

ता. क. दुसरा – बाबुलाल खोटं बोललाच नव्हता, असं ती म्हणते. त्यानं वाक्य अर्धं सांगितलं. मुलीचा बाप पाहुण्यांना वाढून दुसऱ्या पंगतीत बसतो, आणि तुम्ही म्हणाला होता, बाबूजींचं पान माझ्याजवळ मांडा. ते मांडलंही होतं म्हणे, आणि त्या रिकाम्या पानाशेजारी तुम्ही चार वाजेपर्यंत घास न घेता बसला होता. मी विचारलं, मग सहा वर्षं मला सांगितलं का नाही? म्हणाली, "तुमी इचारलं कायले नाही?"

ता. क. शेवटचा – नोटीस मागे घेतो. भाऊबीजेला चंद्रभागा सकाळच्या एसटीनं निघते आहे, पिशवी आत्तापासूनच भरून दाराशी ठेवली आहे. मला कोणी बोलावलेलं नाही, तरी मीही येतो आणि गावची मंडईची जत्रा होईपर्यंत राहतो. पहिल्या पंगतीला मला बसवू नका. तुम्ही बसाल तेव्हा शेजारी पान मांडा.