मोठे चार, छोटे चार

३ मार्च, सकाळ
गेल्या जुलैतल्या त्या सकाळी मी ओट्यापाशी भांडी घासत होते आणि हे मागच्या दारात बसून गाडीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह घासत होते. व्हॉल्व्ह ज्या गोल कडेवर टेकतो ती सीट. तिच्यावर तो टेकवायचा, त्याला चिकटवलेली काठी दोन्ही तळहातांत फिरवायची, उचलून बघायचं, पुन्हा फिरवायची. माझी भांडी आधी झाली. मी म्हटलं, अजून तुमचं चाललंच आहे? हे म्हणाले, "तुझ्या पातेल्यातून हवा गेली तर चालतं. माझं चालत नाही." आठवा व्हॉल्व्ह झाला, हात धुतले, जेवले, दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आठ महिने झाले. अर्धवट काम टाकून जाणाऱ्या माणसाचा राग येणार नाही तर काय.

ठरलं. हेड मीच जोडणार. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं. हवा-पेट्रोल तिथूनच आत जातं आणि धूर तिथूनच बाहेर पडतो. ह्यांनी त्यातल्या वाटा कोरून रुंद केल्या, व्हॉल्व्ह मोठे घेतले, स्प्रिंगा कडक आणल्या. राहिलंय फक्त जोडायचं. ३० तारखेला डोंगरावरची शर्यत. गाडी धाकटे भाऊजी चालवतील, पण आत काम ह्यांचं असेल.

५ मार्च
भाऊजी येऊन गेले. म्हणे, वहिनी, यंदा कंपनीचं जुनं हेड बसवू, हे काम माहितगाराचं आहे. एकतीस वर्षं मी या घरात काय डोळे मिटून वावरले? चहा विचारला नाही.

ह्यांचं रिपेअरचं पुस्तक काढलं. शाळा चौथीत सुटली, पण डिक्शनरी शेजारी ठेवून याहून जाड पुस्तकं वाचलीत. पहिला भाग हेड उघडण्याचा. आपलं उघडलेलंच आहे, म्हणून तो सोडला. वेळ वाचला.

८ मार्च
साफसफाई. व्हॉल्व्ह ह्यांनी अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवलेले. प्रत्येक खळग्याशी पेन्सिलीने आकडा. ट्रे तेलाने नुसता कळकट. आठही साबणाच्या पाण्यात टाकले, घासले, पुसले, टॉवेलवर मांडले. ट्रे कचऱ्यात. आत घेणारे मोठे चार, बाहेर टाकणारे छोटे चार. यात चुकायला आहे काय?

निश्चय: शर्यतीपर्यंत चिडायचं नाही.

१३ मार्च
चिडले. स्प्रिंग दाबून धरायची आणि वर नखाएवढी दोन लॉक बसवायची. एक उडालं. कपाट सरकवलं, पलंग सरकवला. दोन तासांनी माझ्याच अंबाड्यात सापडलं. तेवढ्यात भाऊजींचा फोन आला, त्यांच्यावर ओरडले. त्यांचा दोष नव्हता असं नाही. ही काय फोन करायची वेळ?

१७ मार्च
आठही बसले! भाऊजींना मुद्दाम फोन करून सांगितलं.

संध्याकाळी परीक्षा. हेड उलटं करून त्याच्या चार खोलगट वाट्यांत पेट्रोल ओतायचं. व्हॉल्व्ह नीट टेकले असतील तर थेंब गळता कामा नये. चारही गळल्या. चाळणी बरी.

पेट्रोल भाऊजींनी आणलेलं. पातळ असणार.

२० मार्च
रॉकेल ओतून बघितलं. तेही गळलं. म्हणजे स्प्रिंगा खराब. स्प्रिंगांच्या दुकानदाराशी भांडायला गेले. त्याने माझ्यासमोर सगळ्या मोजून दाखवल्या, म्हणाला, एकीतही खोट नाही. सगळे एकमेकांना सामील आहेत.

२२ मार्च
भाऊजींनी वाकून बघितलं. म्हणाले, सीट कापून देणाऱ्या मशीनवाल्यांना एकदा दाखवू. मी म्हटलं, "गेलेल्या माणसाच्या कामात खोट काढायला बरी जीभ उचलते तुमची." ते चपला घालून निघून गेले. भाऊ त्यांचाही होता, हे तेव्हा आठवायला हवं होतं. पण मी चिडलेली होते.

२६ मार्च
दोन दिवस लिहवलं नाही.

परवा मीच हेड पिशवीत घालून मशीनवाल्यांकडे गेले. सीट त्यांनी कापल्या होत्या, तेव्हा चूक त्यांचीच, हे रस्ताभर जुळवत गेले. ते ह्यांचे जुने मित्र. त्यांनी सगळं उघडलं, भिंगातून एकेक सीट बघितली. मग हळूच विचारलं, "वहिनी, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या सीटचा, हे कशावरून ओळखलंत?"

मी म्हटलं, "मोठे चार, छोटे चार."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग एखाद्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या सीटवर घासलेला असतो. त्यांची जोडी जमते. मोठा असला तरी दुसऱ्या मोठ्याच्या जागी तो नीट टेकत नाही. उघडतानाच आकडे घालून ठेवतात, पुस्तकात पहिल्याच भागात असतं. आता आठही सीट आणि व्हॉल्व्ह नव्याने कापावे लागतील. ३० तारीख गाठता येणार नाही.

मी विचारलं, "ह्यांनी घासलेलं?"

"ते निघून जाईल, वहिनी."

त्यांनी पाणी दिलं. भांडायचं जुळवून आणलेलं सगळं तसंच राहिलं. हेड पिशवीत घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी भाऊजींकडे गेले, जुनं हेड बसवा असं त्यांना सांगितलं. मग ह्यांचं हेड मशीनवाल्यांकडे नेलं आणि आठवी सीट कापून होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले.