नावं ठेवण्याचं काम

आई, तू स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होतीस आणि मी दाराशी लॅपटॉप मांडीवर घेऊन पुण्याच्या कंपनीचं काम करत होते, तेव्हा तू विचारलं होतंस, "दिवसभर करतीस तरी काय गं?" मी म्हणाले, "नावं ठेवते." तू इतकी हसलीस की सूप कलंडलं. "नावं ठेवायचा बी पगार मिळतो व्हय? आपल्या चौसाळ्यात तर लई जणी फुकट ठेवत्यात!"

मग मी समजावलं. दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात, तेव्हा इकडून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला नाव लागतं आणि तिचा प्रकारही सांगावा लागतो: हा आकडा, हा मजकूर. आकड्याच्या जागी मजकूर आला तर मशीन लगेच अडवतं. पण वयाच्या जागी वजन आलं तर गप्प बसतं, दोन्ही आकडेच. म्हणून नावांचे नियम मी लिहिले. नुसतं 'वजन' नाही, ते किलोत की ग्रॅममध्ये, हे नावातच हवं. एकाला एकवचन, अनेकांना अनेकवचन. "मग इचारावं की, वय हाय का वजन!" तू म्हणालीस. "मशीन विचारत नाही, आई."

त्याच वर्षी उन्हाळ्यात तुला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. शब्द राहिले, पण जागा सोडून. पाणी हवं असलं की तू म्हणायचीस, "मीठ." मी मीठ आणायचे. तू वाटी ढकलून रडायचीस. मग उमगून मी तांब्याकडे बोट दाखवायचे, "हे पाणी. म्हण, पाणी." बीडचे डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द चुकतो." ते ऐकून मी जास्तच घाबरले. आत सगळं शाबूत, आणि बाहेर यायला एक नाव धड नाही.

आज माझ्या टीममधल्या माजलगावच्या बाईंनी एका आकड्याला नुसतं 'माहिती' असं नाव दिलं. मी थांबवलं. त्या फोनवर म्हणाल्या, "ताई, चालतंय की. कशापायी अडवता?" याचं उत्तर मी कितीदा दिलंय: वाचणाऱ्याला कळायला हवं. आज ते तोंडातून निघेना. समोरच्याला कळतं, यावर माझा विश्वासच उरलेला नाही. "राहू द्या," म्हणाले आणि मंजूर करून टाकलं.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तुझ्या शेवटच्या संध्याकाळी तू माझं मनगट धरून म्हणत होतीस, "दार. दार." मी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तू 'नाही' अशी मान हलवत राहिलीस. शेवटी मी म्हणाले, "हो आई, करते." तुझा हात सैल पडला, चेहरा निवला. मी काय करायचं कबूल केलं, ते मला अजून माहीत नाही.