व्हिसाच्या आधी सत्कार

२० ऑगस्ट, वालूर
व्हिसाचं काही नाही. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे, पासपोर्ट, मूळ मार्कशीट सगळं देऊन झालं. आयर्लंडच्या कॉलेजची मेल पुन्हा वाचली. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. पप्पांना पटलं. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, म्हणाले, "कॉलेजनं बोलवलंय ना? मग व्हिसावाले कोण आडवणारे?" काकांच्या मते पत्रिका आली की लग्नाला जायचंच.
आईने बॅगेत साजूक तुपाचा डबा ठेवला. दुधातुपाचं तिकडे नेऊ देत नाहीत म्हणून मी काढला. तिने परत ठेवला.

२३ ऑगस्ट
पोळ्याला अख्खं गाव घरी असतं म्हणून काकांनी काल मारुतीच्या पारावर माझा सत्कार ठेवला. मला त्याच दिवशी सकाळी कळलं! फेटा, शाल, नारळ. देवगाव फाट्यावर फ्लेक्स, माझ्या डोक्यामागे विमान. सेलूहून सरही आले होते. बी.टेक.नंतर वर्षभर त्यांच्याच क्लासवर शिकवलं मी.
कुणीतरी खालून विचारलं, "कवा निघायली पोरगी?" काकांनी माइकवर ठोकून दिलं, "मंगळवारी!" मंगळवार कुठून काढला देव जाणे. मी तिथेच "व्हिसा आला नाही" म्हणायला हवं होतं. पण टाळ्या चालू होत्या.

२६ ऑगस्ट, परभणी
गेले. म्हणजे परभणीपर्यंत.
काकांचा मंगळवार उजाडला, सकाळपासून बायका ओटी भरायला. कुणाला काय सांगणार? आईने हातावर दही ठेवलं, गल्ली स्टँडपर्यंत आली, शेजारच्या दोघी रडल्या. आईपण रडली, तिला तर सगळं माहीत होतं. पप्पांनी मौशीच्या दारात सोडलं. मी म्हटलं, आठ दिवसांनी गुपचूप घरी येते. पप्पा: "दही दिल्यावर माघारी कुठं येतेत? लोक काय म्हणतील."
म्हणजे गावासाठी मी आयर्लंडात. मौशीकडे गच्चीवर कपडे वाळत घालायलाही बंदी. शेजारी वालूरचे पाहुणे असतात.

१ सप्टेंबर
आज घरी महालक्ष्म्यांचं जेवण. थोरली-धाकटी दोघींना साड्या दरवर्षी मी नेसवते. आईचा फोन, "धाकटीच्या निऱ्या कशा घालतीस गं? सारख्या सुटायल्यात." फोनवर सांगितलं, आतून पिन लाव. मागून कुणाचा तरी आवाज, "तिकडून फोन आला वाटतं! किती वाजलेत म्हणावं तिकडं?" आईने मला खरंच विचारलं. मी साडेचार तास वजा करून सांगितलं.
फोन ठेवून रडले. लाज वाटली.

४ सप्टेंबर
व्हिसा कार्यालयाची मेल. नकार नाही. पदवीनंतरचं वर्ष कुठे होतात, त्याचा पुरावा पाठवा. अर्जात मी 'शिकवत होते' एवढंच लिहिलेलं. पुरावा जोडायला हवा होता, सुचलंच नाही.
पुरावा म्हणजे सरांचं पत्र. आणि सरांच्या हिशोबी मी आयर्लंडात.
मौशी म्हणाली, पप्पांना पाठव. पप्पा म्हणाले, "मी काय सांगू त्यांना?" काकांनी फोनच उचलला नाही. नेमका आजच!

५ सप्टेंबर
स्वतः गेले. सेलूत सर क्लासच्या दारात उभे. माझ्याकडे बघतच राहिले. "वैशाली? परत पाठवलं का काय?"
"गेलेच नाही सर. व्हिसा आलाच नाही अजून."
"मग ते फेट्याचं?"
"ते काकांचं."
सर पोट धरून हसले. मग तिथेच बसून पत्र टाइप केलं, तारखांसकट, सही-शिक्का, खाली स्वतःचा नंबर. मी तिथूनच ते व्हिसा कार्यालयाला पाठवलं. इतकं सोपं होतं. एवढे दिवस गच्चीसुद्धा चोरून बघत होते मी.
मग परभणीची गाडी सोडून वालूरची पकडली.

५ तारीखच, घरी
स्टँडवरच पहिली, किराणावाली कावेरी मामी: "आगं, आलीस बी? कसा हाय देस?"
"गेलेच न्हाई, मामी."
"बरं झालं. लय लांब हाय म्हणं."
आईने उंबऱ्यातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चहा ठेवला. पप्पांनी कप आणून हातात दिला. काका मागच्या दाराने शेतात गेले ते अंधार पडल्यावर आले.

८ सप्टेंबर
आज तिकडे वर्ग सुरू झाले. १९ पर्यंत पोचलात तर चालेल, कॉलेजने कळवलंय. न पोचल्यास जागा पुढच्या वर्षी. गावाची चर्चा दोन दिवसांत आटपली, सोयाबीनवर गेली.
मला जायचंय. फार जायचंय. गेल्या महिन्यात सगळे एवढे खुश होते की हे म्हणायला मलाच जागा उरली नव्हती.

१४ सप्टेंबर
मी आल्यापासून आई कामं करताना गुणगुणते. तिला स्वतःला कळत नाही. मला राग येतो आणि ऐकतही बसते.
दुपारी मेसेज. पासपोर्ट परत पाठवलाय, बंद पाकिटात. निर्णय आत. हो की नाही, मेसेजमध्ये लिहीत नाहीत.
आई भाकरी थापत होती. "काय म्हणतेत?"
"पाकीट निघालंय. दोन-तीन दिवसांत येईल."
"न्हाई म्हणले तर?"
"पुढच्या वर्षी परत अर्ज करीन."
तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. जळल्याचा वास आला तशी उलटली.
"आन हो म्हणले तर, दुसऱ्याच दिवशी जावं लागंल का गं?"
मी म्हटलं, हो.